पॉलिश पेपरवरचं इस्तंबूल

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुकन्या वेदपाठकनं आपल्या टेबलाचा खण उघडला, वरची वही बाजूला केली आणि खाली हात घातला. हाताला नुसतं खणाचं लाकूड लागलं. तिनं वही काढून झटकली, खण पुरता ओढून मांडीवर घेतला, आणि काही उपयोग नाही हे माहीत असूनही मागच्या पोकळीत बॅटरी मारून पाहिली. अठ्ठावीस चित्रं गेली होती.

कसली चित्रं, हे सांगायला थोडं मागं जायला हवं. सुकन्या सोलापूरच्या सराफ कट्ट्यावरची पिढीजात सोनारीण. वडील, म्हणजे आण्णा, गेल्यापासून दुकानाच्या माडीवरचा कारखाना तीच चालवते. पुण्याच्या एका मोठ्या दागिन्यांच्या प्रदर्शनात तिची निवड झाली, आणि नवं काही सुचायचं तर नवं काही बघायला हवं असं तिनं मनाशी घेतलं. गल्ला सांभाळणारा धाकटा भाऊ अभिमन्यू कपाळाला हात लावून बसला, तरी ती बारा दिवस इस्तंबूलला जाऊन आलीच. पहिले आठ दिवस तिनं घुमट पाहिले, फरशा पाहिल्या, रस्त्यावरची मांजरं पाहिली आणि वही भरून टाकली. त्यातलं एकही चित्र तिचं तिलाच आवडलं नाही. नवव्या दिवशी तिथल्या छपराखालच्या बाजारात एका जिन्यावरून कानशीचा ओळखीचा आवाज आला, आणि आवाजामागं ती वर गेली. वर एक म्हातारा उस्ताद सोन्याच्या कड्या गुंफत बसला होता. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण कानस धरायची रीत दोघांची एकच होती. त्यानं तिला स्टूल दिलं. वहीची पानं संपलेली पाहून आपल्या टेबलावरचे झिजके पॉलिश पेपर तिच्यापुढं सारले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तिनं चार दिवसांत अठ्ठावीस चित्रं काढली. खरखरीत बाजूनं रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून चित्राला चित्र लावून जोड्या केल्या आणि वरून रबर चढवलं. तिच्या मते सगळी सहल त्या चार दिवसांत होती.

आता चोरानं वही तशीच ठेवून नेमका तोच गठ्ठा नेला होता. म्हणजे चोर जाणकार होता. पॉलिश पेपरवर काय आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण इस्तंबूलहून एका संध्याकाळी न राहवून तिनं त्यालाच फोन केला होता. खणाला किल्ल्याही दोनच. एक तिच्याकडं, आणि दुसरी मायाप्पाच्या करदोड्याला.

मायाप्पा कारखान्यातला सगळ्यांत जुना कारागीर. मंगळवेढ्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आण्णांनी त्याला हाताखाली घेतलं तेव्हा सगळा कट्टा हसला होता, आणि आण्णांनी त्याला किल्ली दिली तेव्हा कट्ट्याचं हसू बंद झालं. त्या सकाळी तो आपल्या पाटावर बसला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी होती. सुकन्या आली तसा तो उठून काहीतरी बोलू पाहत होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "कुणाला दिलीत चित्रं?"

घेतलीत का, असं तिनं विचारलं नाही. कुणाला दिलीत, असं विचारलं. जोडव्यांचं माप द्यायला मोहोळहून आलेल्या दोन बायका समोर होत्या, चहावाला होता, अभिमन्यू होता.  मायाप्पानं करदोड्याची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेला.

चार वाजायच्या आत सगळ्या कट्ट्याला कळलं होतं.

२

मंगळवारी केराबाई आली. केराबाई झारेकरीण, सोनारांच्या कारखान्यातली केरमाती आणि राख विकत घ्यायची, धुऊन आटवून त्यातलं सोनं काढायचं, हा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आण्णांची शिस्त अशी की प्रत्येक कारागिराच्या बैठकीशी त्याचा स्वतःचा डबा. कामाच्या चिंध्या, झिजलेले ब्रश, हातपुसणी, ज्याला म्हणून सोन्याचा कण चिकटला असेल ते सगळं त्यात. दुसऱ्याच्या डब्याला कुणी बोटही लावायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मायाप्पा एकेक डबा निराळा जाळायचा आणि राखेच्या निराळ्या पुड्या बांधायचा. पुडीवर नाव असायचं, म्हणजे कुणाच्या हातून किती घट गेली ते समजायचं. या महिन्याच्या तीन पुड्या तयार होत्या: मायाप्पा, सुकन्या आणि रेश्मा. रेश्मा सकाळी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि दुपारी पॉलिशला बसायची.

"मायाप्पा कुटं हाय?" केराबाईनं विचारलं.

अभिमन्यूनं सांगितलं. सांगताना त्याला थोडी मजाही आली, असं सुकन्याला वाटलं.

केराबाई पुड्या पिशवीत टाकून जायची, ती खाली बसली. "ताई, तीस वर्सं मी त्याची राख धुतीया. माणूस बोलण्यात खोटं बोलंल, राखंत न्हाय बोलत. त्यानं तुमचं गुंजभर सोनं कधी न्हेलं न्हाय, आन् कागद न्हील?"

"मग तुम्हीच शोधा," सुकन्या चिडून म्हणाली. आपण चिडलो म्हणजे आपल्याला खात्री नाही, हे तिचं तिला उमगलं, आणि त्याचाही राग आला.

केराबाईनं ते अक्षरशः मनावर घेतलं. तिनं आधी अभिमन्यूला समोर बसवलं.

"तुमी गुरुवारी कुटं व्हता?"

"इथंच की. ताई सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरून बॅग घेऊन थेट इथं आली. पुण्याच्या प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन चालला होता, तो कानाशी धरूनच तिनं बॅग रिकामी केली. मिठाई रेश्माला दिली, नव्या कानशी फळीवर ठेवल्या, वही खणात टाकली. एवढ्या मोठ्या सहलीतून मला काय, तर चावी अडकवायची एक साखळी."

"ताईंचं जाणं तुमाला पटलं नव्हतं म्हनं."

"नव्हतंच. मशीनचा माल ठेवा म्हणून मी वर्षभर सांगतोय. पण म्हणून मी तिचे कागद पळवीन का?" तो बहिणीकडं वळला. "आता माझा नंबर का, ताई?"

सुकन्यानं मान खाली घातली. गुरुवारी दिवसभर किल्ली खणालाच लटकत होती, हे तिला त्याच क्षणी आठवलं होतं. म्हणजे खण कुणीही उघडू शकलं असतं, आणि कालचा तिचा सगळा हिशेब तिथंच फसत होता.

रेश्माची पाळी आली तेव्हा ती आधीच रडवेली झाली होती. चोवीस वर्षांची पोर, हात चांगला, तोंड भिडस्त. केराबाईनं काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "ताई, शुक्रवारी सकाळी तुम्ही बँकेत गेलात तेव्हा खण उघडा होता. मी वहीतल्या चित्रांचे फोटो काढले. शिकायला म्हणून. कुणाला पाठवले नाहीत, मोबाइल बघा."

"आणि गठ्ठा?" सुकन्याचा आवाज चढला. "वहीखाली पॉलिश पेपरचा गठ्ठा होता, त्याचं काय केलंस?"

"गठ्ठा नव्हताच तिथं. मी सगळा खण पाहिला. खाली काहीच नव्हतं."

केराबाई हळूच हसली. "शुक्रवारी सकाळीच नव्हता व्हय? मग मायाप्पा गुरुवारी कवा आलता कामाला?"

 उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. गुरुवारी मायाप्पा वैरागला एका जुन्या गिऱ्हाइकाची मोडकी नथ जोडायला गेला होता. तो परतला शुक्रवारी दुपारी, जेवणानंतर.

३

आता खरं तर सुकन्यानं त्याच क्षणी उठून, गावी निघून गेलेल्या मायाप्पासाठी मंगळवेढ्याची एसटी धरायला हवी होती. ती गेली नाही. खरा चोर सापडू दे, मग त्याचं नाव घेऊनच काकांपुढं जाऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. नुसती माफी मागायला जाण्यापेक्षा चोराचं नाव घेऊन जाणं तिला सोपं वाटत होतं. या सोप्या वाटण्यात नऊ दिवस गेले. त्या दिवसांत तिनं ती चित्रं आठवून काढायचा प्रयत्न केला, पण कागदावर हात फिरायला लागला की मायाप्पाची चिंधी बांधलेली बोटं डोळ्यांपुढं यायची. भाजलं कशानं, एवढंही तिनं विचारलं नव्हतं.  अभिमन्यूशी ती धड बोलत नव्हती, कारण त्याच्यावरचा संशय गेला नव्हता आणि संशयाची लाजही वाटत होती.

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, केराबाई जिना चढून आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि टेबलावर तीन मणी ठेवले. तीन पुड्यांमधलं सोनं आटवून केलेले, ज्वारीच्या दाण्याएवढे मणी.

"बगा."

दोन मणी पिवळेधमक होते. तिसरा तांबूस होता.

"तुमच्या हितं बावीस कॅरेटच्या खाली काम हुत न्हाय," केराबाई म्हणाली. "आण्णांच्या वक्तापासून मी ह्या कारखान्याची राख धुतीया, असा लाल मणी कधी निगाला न्हाय. ह्यात तांबं लई हाय. हे हलकं सोनं कुण्या दुसऱ्या कारखान्यातलं. आन् दुसऱ्या कारखान्याचं सोनं तुमच्या राखंत यील कसं? ते ज्याला चिकटलं व्हतं ती वस्तूच हितं जळली आसंल तरच. पुडीत खडाबी, म्हंजी कागदावरची खरखर, निराळी निगाली. आपल्या पॉलिश पेपरचा खडा काळा. ह्यो तपकिरी."

सुकन्याला इस्तंबूल आठवलं. उस्तादाच्या टेबलावर लालसर सोन्याचा कीस पसरलेला असायचा. त्याच कागदांनी तो ते सोनं घासायचा, आणि तेच कागद त्यानं तिच्यापुढं सारले होते.

"म्हणजे चोरले नाहीत," ती म्हणाली. "जाळले."

"व्हय. वरनं बगितलं तर काय व्हता तो गठ्ठा? चित्रं आत, खर भाईर. कुनीबी म्हनंल, वापरलेला पॉलिश पेपर हाय. आन् सोनाराच्या कारखान्यात वापरलेला पॉलिश पेपर कुटं जातो?"

"डब्यात," रेश्मा पुटपुटली.

"मग आता कुनाच्या डब्यात, येवढंच ऱ्हायलं." केराबाई रेश्माकडं वळली. "पोरी, त्या दिवशी समदी वावगं काय झालं तेच शोदत व्हती. मी बी तेच शोदलं, माजंच चुकलं. आता सांग, वावगं न्हाय, जागच्या जागी काय काय पडताना दिसलं? गुरुवारी बॅग उघडली तवा?"

रेश्मा आठवत बोलू लागली. मिठाई तिच्या हातात. कानशी फळीवर. वही खणात.  तिचे डोळे सुकन्याच्या खुर्चीखालच्या डब्यावर गेले.

"ताई, तुम्ही फोनवर बोलत होता," ती अगदी हळू म्हणाली. "पॉलिश पेपर तुम्ही डब्यात टाकलेत. माझ्या डोळ्यांदेखत. रोज टाकतो तसे. मला त्यात काही वाटलंच नाही."

केराबाईनं तांबूस मण्याखालचा पुडीचा कागद उलगडून पुढं केला. त्यावर मायाप्पाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, सुकन्याताई.

४

शुक्रवारी सकाळी ती एकटीच निघाली. मंगळवेढ्याच्या पुढं रस्ता माळात शिरला तशी तिला आपल्या हातांची भीती वाटू लागली. आण्णांनी सहाव्या वर्षी शिकवलं होतं, झिजका पेपर दिसला की डब्यात. कान पुण्याच्या बाईंकडं होते आणि हातांनी आण्णांचं ऐकलं होतं. एवढंच घडलं होतं. त्याचं खापर तिनं दुसऱ्या दिवशी नाही, चार दिवसांनी, थंड डोक्यानं, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर फोडलं होतं.

मायाप्पा अंगणात बाजेवर बसला होता. पलीकडं जाळीच्या कुंपणात मेंढरं होती. त्याची बायको बाळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण तो सुकन्याच्या हातात न देता बाजेवर ठेवून आत गेली. सुकन्याला ते रास्तच वाटलं.

"काका, कागद मी टाकले होते. माझ्याच डब्यात. चोरी झालीच नव्हती."

"म्हाईत हाय," मायाप्पा म्हणाला.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"शनवारी डबा पेटवला, रबर तुटलं आन् कागद उलगडलं. बगतो तर चित्रं. फोनवर सांगितल्यालं ध्येनात आलं. हात घातला, पर तवर समदं गेलं व्हतं." त्यानं उजवा हात पुढं केला. दोन बोटांवरची नवी कातडी अजून गुलाबी होती. "तुमी घरी गेल्ता. म्हनलं सोमवारी समोर बसून सांगू. सोमवारी तुमीच आदी बोल्ला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? एका शब्दात सगळं मिटलं असतं."

"कसं सांगू? चार लोकांत म्हनू, ताई, तुमीच टाकलं? मालकिनीवर ढकलतुया म्हनलं असतं समद्यांनी. आन् काडी तर म्याच लावली की. डबा बघून जाळावा, येवढी अक्कल चव्वेचाळीस वर्सांत यायला पायजे व्हती." त्यानं भाजलेली बोटं मिटली. "आजून एक सांगतो. तुमच्या हातनं झालं ह्ये कळलं असतं, तर त्या हातानं तुमी पुन्यासाठी काय करनार व्हता? म्हनलं, परदर्शन हुंद्या."

सुकन्याला रडू आलं. तिनं ते दाबलं नाही. इतके दिवस ती चोराचं नाव शोधत होती, आणि ज्याच्यावर आळ घेतला तो माणूस तिचा हात सांभाळत बसला होता. तिनं त्याचे पाय धरले. त्यानं ते मागं ओढून घेतले.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आजच चला."

"मला तुमचा राग न्हाय." तो मेंढरांकडं बघत बोलत होता. "परवा सोलापुरात आलतो, दुसरीकडं काम बगायला. तीन दुकानं फिरलो. रावजीशेठ चाळीस वर्सं रामराम घालत आलं, त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं आन् मग मला बस म्हनले. कट्ट्यावर माजं नाव पयल्यासारकं करा. ते झालं की मी येतो."

५

शनिवारी दहा वाजता सुकन्या कट्ट्याच्या एका टोकाला उभी राहिली. दुकानं एकंदर एकोणतीस. ती सगळी फिरायची, आणि जे खरं आहे ते सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. अभिमन्यू बरोबर येतो म्हणाला. तिनं त्याचीही माफी मागितली आणि त्याला दुकानात बसवलं.

पहिलं दुकान रावजीशेठचं. आण्णांचे मित्र, कट्ट्यावर शब्दाला वजन. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. पॉलिश पेपर, फोन, डबा, तांबूस मणी, सगळं. "मायाप्पाकाकांनी काहीही चोरलेलं नाही. चूक माझी आहे, आणि आळ घेतला तोही मीच."

रावजीशेठनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आण्णांची लेक शोभतेस. त्यांचंही मन असंच मोठं होतं. म्हाताऱ्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला काळीज लागतं, पोरी."

"शेठ, मी झाकत नाहीये. खरंच मी टाकले."

"हो, हो. तू असंच म्हणायला हवंस," ते म्हणाले. "आम्ही कशाला कुणाला बोलतोय? पण किल्ली आता जपून ठेव."

दुसऱ्या दुकानात तिनं रेश्मानं पाहिल्याचं सांगितलं. रेश्मा तुझ्याच पगारावर की, असं उत्तर आलं. तिसऱ्या दुकानात ती झारेकरणीचं नाव घ्यायच्या आतच तिथला सराफ शेजाऱ्याला म्हणाला, बघा, याला म्हणतात माणुसकी. चौथ्यात तिचा आवाज चढला, तर त्यांनी तिला पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. कुणी वाईट बोललं नाही. सगळे तिचं कौतुक करत होते, आणि प्रत्येक कौतुकाबरोबर मायाप्पा त्यांच्या मनात आणखी पक्का चोर होत होता.

त्या सोमवारी तिच्याजवळ काहीएक पुरावा नव्हता, आणि तिचं एक वाक्य चार वाजायच्या आत सगळ्यांनी खरं मानलं होतं. आज पुरावा होता, साक्षीदार होता, आणि गुन्हेगार स्वतःच्या पायांनी चालत येऊन कबुली देत होता. तिचा शब्द मात्र आज कुणालाच खरा वाटत नव्हता. मंगळवेढ्याच्या माळावर एक माणूस निरोपाची वाट पाहत बसला असेल, आणि त्याला द्यायला तिच्याकडं अजून काही नव्हतं. आपण त्या दिवशी काय केलं, हे सुकन्याला आता पुरतं समजलं.

ती बाहेर रस्त्यावर आली. अजून पंचवीस दुकानं होती. तिनं तोंडावरून पदर फिरवला, आणि मायाप्पाकाकांबद्दल बोलायचंय म्हणत पाचव्या दुकानाची पायरी चढली.